ईश्वरप्पाची पिशवी

दानम्मानं भरलेला तांब्या पुढं ठेवला, की भीमाशंकर घोटभर पाण्यानं ओठ ओले करायचे आणि उरलेलं अंगणातल्या बेलाला घालायचे. उन्हाळ्यातही तसंच. उदगीरच्या मोंढ्याजवळ, धान्यबाजाराला लागून, त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानापुढच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ चार माणसं बसायची, आणि मालक कितीदा उठून मागच्या गल्लीत जातात, हे त्यांना सहज दिसलं असतं. न प्यालेल्या पाण्यासाठी उठावं लागत नाही, असा भीमाशंकरांचा हिशेब.

“अवो, उन्हं केवढी तापून राहिली. तांब्याभर तरी प्या की.”

“तहान न्हाई मला.”

“ओठाला भेगा पडल्या अन् म्हणं तहान न्हाई!”

त्या सोमवारी दानम्मा विभूतीची वडी घेऊन देवघरात गेली, तर भीमाशंकर डोळे मिटून बसले होते आणि पूजेच्या वेळी लिंग धरायचा त्यांचा डावा तळहात रिकामा होता. तिनं त्यांच्या गळ्याकडं पाहिलं. गळाही मोकळा. आठव्या वर्षी दीक्षा झाल्यापासून अंगावर असलेलं इष्टलिंग रुमालात बांधून कोनाड्यात ठेवलं होतं.

तिनं वडी खाली ठेवली. “काय केलं वो हे?”

भिंतीकडं तोंड करून भीमाशंकर म्हणाले, “सहा महिने झाले. अंग सोवळं राहत न्हाई माझं. जाऊन येईपर्यंत धोतर ओलं हुतं. जोर लावला तर थेंब थेंब. असल्या अंगावर लिंग कसं ठेवू?”

“आपल्या लिंगायतात इटाळ कधीपासून आला?” दानम्मा म्हणाली. “चार बाळंतपणं झाली माझी. दर महिन्याची पाळी झाली. काढलं का मी लिंग कधी? मला जे अंग चालतं, ते तुमास्नी चालत न्हाई व्हय?”

ती दाराकडं वळत म्हणाली, “वीरेशला सांगते. दवाखान्यात जाऊ.”

“खबरदार! पोराला अन् सूनबाईला कळलं तर तोंड दाखवू का मी? ओट्यावर कळलं तर?” आणि मग अगदी हळू, “ईश्वरप्पाचं काय झालं ते बघितलंस न्हवं?”

दानम्मानं ते बघितलं होतं. निवृत्त शिक्षक ईश्वरप्पा म्हणजे भीमाशंकरांचा लहानपणापासूनचा सोबती. दोन वर्षांपूर्वी लातूरच्या एका लग्नात तो जरा वाकून, जपून चालत आला. त्याची लघवी अडली होती म्हणून डॉक्टरांनी नळी बसवली होती, आणि जुब्ब्याच्या आडून पिशवीचं टोक दिसत होतं. भरल्या मांडवात भीमाशंकर ओरडले होते, “काय रे ईश्वरप्पा, उसाचा रस संगट घेऊन हिंडतोस व्हय? एकटाच पितोस?” पन्नास माणसं हसली. ईश्वरप्पाही हसला. पंगत बसायच्या आधी तो निघून गेला. ओट्यावर त्याचं नाव ‘रसवंती’ पडलं, आणि तो ओट्यावर यायचा बंद झाला. गेल्या मार्गशीर्षात तो वारला.

बाईनं आपलं दुखणं जात्यावर सांगितलं, दळणाबरोबर पिठात मिसळून सांगितलं, आणि शेजारणीनं त्याला ओवी जोडली. पुरुषाला जातं नव्हतं. त्याला ओटा होता, आणि ओट्यावर फक्त हसता येत होतं.

बुधवारी दुपारी भीमाशंकरांची लघवी पार बंद झाली. ओटीपोट दगडासारखं टणक झालं. ते दुकानातच गोण्यांच्या आडोशाला गुडघे पोटाशी घेऊन पडले. मुलगा वीरेश घाबरून म्हणाला, “अप्पा, चला, चौकातच दवाखाना हाय.”

“उदगिरात नको. सगळे वळखतात. लातूरला ने.”

उदगीर ते लातूर दीड तास. दहा मिनिटांचा उपचार त्यांनी दीड तास लांब नेला, फक्त कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला ते दात आवळत होते. दानम्मानं पदर त्यांच्या तोंडात दिला. पुढं बसलेली सून, सुकन्या, रडत म्हणाली, “मामा, मला घरात रोज धोतर वेगळं धुतलेलं दिसत हुतं. मी सून हाय म्हणून बोलले न्हाई. चुकलं माझं.”

नळी घातली, पोट मोकळं झालं आणि भीमाशंकर लहान मुलासारखे झोपले. ते जागे झाल्यावर डॉक्टरांनी समजावलं. “मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी प्रत्येक पुरुषाला असते. वय वाढतं तशी ती वाढते. तुमची वाढ तपासणीत साधीच दिसते आहे, गोळ्या देऊ, लागलं तर शस्त्रक्रिया करू. पण कुणाकुणाला तिथं कर्करोग असतो. सुरुवातीला कळला तर इलाज होतो. पन्नाशीनंतर धार बारीक झाली, सारखं उठावं लागलं, की यायचं. आणि पाणी कशाला तोडलंत, बाबा? इतके दिवस कुणाला लाजत होता?”

भीमाशंकरांनी मान खाली घातली. कुणाला लाजत होतो, ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. आपल्याच त्या वाक्याला.

आठवडाभर पिशवी लावून राहायचं होतं. परतताना वीरेश म्हणाला, “ओट्यावर सांगतो, अप्पाचा गुडघा सुजलाय. घरीच ऱ्हावा.”

“न्हाई,” भीमाशंकर म्हणाले. “गाडी तारामतीवैनीच्या दारात लाव.”

ईश्वरप्पाची बायको तारामती दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. तिनं आधी त्यांच्या तोंडाकडं, मग हातातल्या पिशवीकडं पाहिलं.

“वैनी, त्या लग्नात मी...”

“मला ठाव हाय तुम्ही काय म्हणालात. त्याच्या पुढल्या बुधवारी त्यास्नी लातूरला जायचं हुतं. गाठीचा तुकडा काढून तपासायचा हुता. लग्नातून आले अन् डॉक्टरची चिठ्ठी फाडली. म्हणाले, पुन्हा कशाला तमाशा? धा महिन्यांनी हाडं दुखाया लागली. तवा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.”

“मला माफ...”

“मला मागू नका माफी, भीमाअप्पा. माझ्यापुढं हसला न्हवता तुम्ही.” आणि तिनं दार लोटून घेतलं. जोरात नाही, हळूच. भीमाशंकर बंद दाराकडं बघत उभे राहिले. जोरात लावलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओटा भरला होता. भीमाशंकर आले, पिशवी न झाकता. अडतदुकानाचा उमाशंकर सवयीनं बोलून गेला, “काय भीमाअप्पा, दुसरी रसवंती काढली व्हय?”

दोघं-तिघं हसले.

“हसा,” भीमाशंकर म्हणाले. “मीच शिकवलंय तुमास्नी.” आणि उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. ओतून दिलेलं पाणी, ओली धोतरं, कोनाड्यातलं लिंग, दीड तासाचा रस्ता. शेवटी ती फाडलेली चिठ्ठी. “ईश्वरप्पाला रोगानं नेलं. पण दवाखान्याच्या वाटेवर आडवा मी पडलो हुतो. आपण पडलो हुतो.”

उमाशंकरची मान खाली गेली. कुणी चहा मागवला नाही. कुणी उठूनही गेलं नाही.

मग कडेला बसलेला श्रीमंत नावाचा चोपन्न-पंचावन्नचा माणूस घसा साफ करून म्हणाला, “भीमाअप्पा, माझीबी धार वरीसभर बारीक झालीया. बायकोला सांगितलं न्हाई. कवा जावं म्हणता?”

सगळ्यांच्या देखत विचारलं त्यानं. भीमाशंकर त्याच्या शेजारी जाऊन बसले.

“उद्या सकाळच्या गाडीनं,” ते म्हणाले. “मी येतो संगट.”

दोन वर्षांपूर्वीच्या त्या बुधवारी ईश्वरप्पाच्या संगट ओट्यावरचं कुणीच जाणार नव्हतं.