गुंगी उतरताना

"ताठ धर की गं! चादर आहे ती, मेलेली मासळी नाही!"

हा आवाज मधलीच्या कानात लहानपणापासून घर करून होता. बॉयलर धडधडायचा, वाफ फुसफुसायची, आणि त्या सगळ्या गदारोळाच्या डोक्यावर पाय देऊन आईचा आवाज लाँड्रीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. त्याच आवाजात तिघं भावंडं वाढली. थोरला त्याला घाबरून अभ्यासाला बसला आणि विमा कंपनीत साहेब झाला. मधली त्या आवाजाच्या मागोमाग लाँड्रीतच राहिली. धाकटा त्याची हुबेहूब नक्कल करून कामाच्या बायकांना हसवायचा, आणि आईसुद्धा तोंड फिरवून हसायची.

लाँड्री अजून खालीच होती, घर वरच्या मजल्यावर. त्या घरात खिडकीपाशी, खुर्चीत, आई बसलेली असायची. बसलेली कसली, ठेवलेली. ऊन तोंडावर यायचं, तोंडावरून जायचं, तरी डोळे उघडायचे नाहीत. हनुवटी छातीला टेकलेली, ओठाच्या कडेनं लाळेची तार, आणि मांडीवर हात आपले थरथरत, थरथरत.

"आई, आ कर."

केळं कुस्करलेलं होतं, त्यात गोळ्यांची पूड. रक्तदाबाची पांढरी, हृदयाची लाल, थरथरीची पिवळी, पोट साफ व्हायची गुलाबी, शांत राहायची निळी. आईनं ओठ घट्ट मिटून घेतले. मधलीनं चमचा ओठांच्या फटीत सारला, केळं हनुवटीवरून ओघळलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिनं आपल्याला भरवलं, तिच्या तोंडात आपण चमचा कोंबतोय. कशासाठी? तिनं वाटी आपटली आणि थोरल्याला फोन लावला.

"दादा, एवढ्या गोळ्या आईला कशाला लागतात, हे मला एकदा सांग."

"डॉक्टरांनी दिल्यात म्हणून लागतात."

"कुठल्या डॉक्टरांनी? एकानं दिली, दुसऱ्यानं चालू ठेवली, तिसऱ्यानं वर आणखी एक घातली. काढली कुणीच नाही!"

"तू डाग काढ बाई, तुला त्यातलं कळतं. उद्या काही झालं तर?"

"नव्वदी उलटलीय तिची. उद्या काहीतरी होणारच आहे. आज काय होतंय ते बघायला ये ना!"

"लोक म्हणतील, औषध तोडून आईला मारलं."

"आणि चालू ठेवून तू काय करतोयस? जगवतोयस की बरणीत मुरवत ठेवलीयस?"

थोरल्यानं फोन ठेवला.

आपल्या मनानं एकही गोळी बंद करायची मधलीची छाती झाली नाही. तिनं म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि थोरल्याला निरोप धाडला, "यायचं असेल तर ये. मागाहून बोंब मारायची नाही." तो आला. कडक कॉलर, आणि चेहऱ्यालाही इस्त्री मारलेली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली. आईचा रक्तदाब मोजला, तिला दोघांच्या आधारानं उभं करून पुन्हा मोजला, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"या उभ्या राहिल्या की यांचा दाब पाताळात जातोय, आणि तुम्ही तो आणखी खाली आणायची गोळी देताय. पडल्या नाहीत हेच नशीब."

"पडली होती," मधली म्हणाली.

"हात कधीपासून थरथरतात?"

"गेल्या थंडीपासून. त्याआधी माझ्याबरोबर उशीच्या अभ्र्यांच्या घड्या घालायची. माझ्यापेक्षा सरळ."

"आणि ही निळी कधी सुरू झाली?"

मधली आठवू लागली. "त्याच थंडीत. हात कापायच्या थोडी आधी."

"निळीनं हात कापू शकतात. कशासाठी दिली होती?"

थोरला खाकरला. "अस्वस्थ असायची. आता वयोमानानं—"

"अस्वस्थ म्हणजे काय करायच्या?"

थोरला भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे असा बघू लागला, जणू उत्तर तिथं छापलेलं असावं.

"धाकट्याला हाका मारायची," मधली म्हणाली. "दिवसभर. कुठंय, का येत नाही, जेवला का."

"मग कुठे आहे धाकटा?"

"गेला. इस्पितळात, त्याच थंडीत. आईला सांगितलं नाही. बोटीवर नोकरी लागली म्हणून सांगितलं."

डॉक्टरीणबाईंनी निळी गोळी बाजूला सरकवली. "म्हणजे यांना काही झालं नव्हतं. या विचारत होत्या."

मग त्यांनी नीट समजावलं. हृदयाची लाल कामाची आहे, ती राहील; दाबाची पांढरी आजपासून बंद. निळी एकदम तोडायची नाही, थोडी थोडी उतरवायची. मग पिवळी, मग पुढचं बघू. दर आठवड्याला दाखवायला आणायचं. "आणि जाग्या झाल्या की त्या पुन्हा विचारतील," त्या म्हणाल्या. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

गाडीपाशी, आईला मागच्या सीटवर बसवून दार लावल्यावर, मधलीचा बांध फुटला.

"निळीनं हात कापले, हातांसाठी पिवळी. पिवळीनं पोट अडलं, पोटासाठी गुलाबी. गुलाबीनं पाण्यासारखं झालं, म्हणून मी रोज कपडे बदलत बसले! आणि निळी कशासाठी, दादा? आपल्याला तोंड उघडायला नको, म्हणून तिचे डोळे मिटले!"

"तूही मान डोलावली होतीस."

"डोलावली होती. म्हणून तर माझंच थोबाड फोडावंसं वाटतंय मला!"

आई हळूहळू वर आली. विहिरीतून कळशी वर यावी तशी, आदळत, हिंदकळत. आधी डोळे आले. मग बोटं स्थिरावली, पदराच्या काठाशी चाळा करू लागली. एका सकाळी चमचा पुढं केला, तर हाताला फटका बसला.

"केळं, केळं, केळं! माकड करणार आहेस का मला? आणि खाली तो बॉयलर कोण हाकतंय, वाफ वाया चाललीय, ऐकू येत नाही?"

आवाज फाटका होता, पण जिन्यावरून खाली पोचला. इस्त्रीवरच्या बायकांनी वर बघितलं. "म्हातारी उठली गं!" एकजण ओरडली आणि खालून टाळ्या पडल्या. मधली वाटी घेऊन जिन्यापर्यंत गेली आणि पायरीवरच बसली, हसू की रडू तिला कळेना.

सुट्टीच्या दिवशी थोरला आला. आईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वाळलास रे थोरल्या. बायको जेवू घालत नाही का?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "धाकटा कुठल्या बोटीवर आहे? अशी कसली बोट, तिला किनारा म्हणून लागत नाही?"

थोरल्यानं मधलीला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"अर्धी देऊ. फक्त अर्धी. निळी आहे ना अजून?"

"दादा, हात सोड."

"कळलं तर संपेल ती."

"संपू दे! रडून, छाती पिटून संपू दे. तिचा मुलगा आहे तो! तिचं रडणं सुद्धा तू कुलपात घालणार? कोण तू? गोळीनं तिचं तोंड बंद होतं, तुझी झोप होते, आणि वर म्हणायचं आईची काळजी! तू सांगतोस की मी सांगू?"

थोरला दारात आडवा उभा राहिला. मधलीनं त्याला ढकललं, तो हलला नाही.

"कुजबुजता काय?" बाहेरून आवाज आला. "मी अजून मेले नाही. समोर या दोघं."

दोघं समोर आली. मधली बोलणार, त्याआधीच थोरला, कडक इस्त्रीच्या पँटसकट, आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. शाळा सुटल्यापासून तो तसा बसला नव्हता. त्यानं आईचा पाय धरला.

"आई, धाकटा गेला."

आईनं पदराचा काठ मुठीत धरला. खाली लाँड्रीत कुणीतरी नळ सोडला.

"बोट-बीट काही नव्हती. इस्पितळात होता. मी होतो त्याच्याजवळ." पुढचं मधलीनंही कधी ऐकलं नव्हतं. "शुद्धीत होता, आई. सारखा म्हणायचा, दादा, आईला आण. मी म्हणायचो, थंडी आहे, तिला जिने झेपत नाहीत, उद्या आणतो. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, उद्या उजाडायचा नाही. तो मागत होता तुला, आणि मी तुला नेलं नाही."