गच्चीवरच्या चादरी

आमच्या लॉजसमोर टॉवर होणार हे कळल्यावर सगळ्यात आधी चवताळला तो माझा सख्खा भाऊ. बॅनरला कापड नव्हतं, तर म्हणाला, "तुझ्या लॉजच्या चादरी कशाला आहेत?" मी नव्याकोऱ्या चादरी काढून दिल्या. लहानपणी चित्र काढताना काढायचा तशी जीभ बाहेर काढून त्याने त्यांवर घोषणा रंगवल्या. मोर्चात ओरडून माझा घसा बसला, त्याचा नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

टॉवर झालाच. माझ्या खोल्यांतून आता समुद्राऐवजी लोकांच्या संडासांचे पाइप दिसतात. गिऱ्हाइकं बॅग न उघडताच परत जातात. आणि दादा? दादा त्याच टॉवरच्या नवव्या मजल्यावर राहायला गेला. बिल्डरची मेहेरबानी!

काल त्याचा फोन आला. वाटलं, बहिणीची आठवण आली असेल.

"छोटे, रागावू नकोस हं. आमच्या मागच्या खिडकीतून तुझी गच्ची दिसते. तिथे चादरी वाळत घालतेस ना, ते बरं दिसत नाही. सोसायटीतले लोक मला बोलतात."

"बरं दादा, काढते," म्हटलं.

सगळ्या काढल्या. मग मोर्चानंतर जपून ठेवलेली एक चादर कपाटातून आणली आणि त्याच्या खिडकीकडे तोंड करून दोरीवर टांगली. त्याचंच ठसठशीत अक्षर: 'समुद्र कुणाच्या बापाचा नाही!'

दुपारी वर पाहिलं, तर दादाने पडदा ओढून घेतला होता. त्याचं काय बिघडलं म्हणा, त्याची समुद्राकडची खिडकी वेगळी आहे.