शंभर अंश

सव्वीस वर्षं विज्ञान शिकवून बाई थकून गेल्या होत्या. नववीच्या वर्गात प्रयोगवह्यांचा गठ्ठा पुढ्यात होता. प्रयोग साधाच, पाणी किती अंशांवर उकळतं ते मोजायचं. सात गटांनी शंभर लिहिलं होतं. आठव्या गटातल्या मुलीने, जिला सगळा वर्ग 'शंकासुर' म्हणायचा, शहाण्णव.

"पुस्तकात शंभर आहे ना गं?" बाईंनी लाल पेन उचललं.

"पुस्तकातलं पाणी आम्ही कुठे उकळलं, बाई? तीनदा मोजलं. शहाण्णवच आलं."

बाईंच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. तेवढ्यात पाहुणा आला. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करणारा, बाईंचाच जुना विद्यार्थी. विज्ञानातल्या नोकऱ्यांबद्दल बोलायला त्याला बोलावलं होतं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोटं रसायनांनी पिवळी पडलेली. दोघींचं बोलणं त्याने दारातूनच ऐकलं होतं. त्याने भाषणाचा कागद खिशात घातला आणि आठही थर्मामीटर एकाच उकळत्या पाण्यात धरले.

शहाण्णव, चौऱ्याण्णव, अठ्ठ्याण्णव... शंभर एकानेही दाखवलं नाही.

"जुने झालेत, प्रत्येकाची चाल निराळी," तो म्हणाला. "पण ज्यांनी शंभर लिहिलं, त्यांनी बघितलं तरी होतं का?"

त्याने थर्मामीटर एकेक करून पुसले आणि टेबलावर ठेवले.

"मीही एकदा पाण्याच्या अहवालात न बघता आकडा भरला होता. कंटाळलो होतो. त्या आठवड्यात एका गल्लीतली अकरा माणसं आजारी पडली. तेव्हापासून सगळं दोनदा मोजतो."

"रोज?" शंकासुराने विचारलं. "कंटाळा नाही येत?"

"येतो की. तरी मोजतो."

बाई खुर्चीत बसल्या. शंभर न लिहिणाऱ्यांचे गुण वर्षानुवर्षं त्यांनीच कापले होते. तास संपल्यावर त्या त्याला सोडायला दारापर्यंत गेल्या.

"तुझेही कापले होते का रे?"

तो ओशाळून हसला. "दोन. मग मीही शंभर लिहायला लागलो."

बाई वर्गात परतल्या. सात वह्यांवर त्यांनी 'पुन्हा करा' लिहिलं आणि शनिवारी जादा तास ठेवला.

निम्माच वर्ग आला. बाईंचे गुडघे ठणकत होते. कुणी पंच्याण्णव म्हणालं, कुणी सत्त्याण्णव. बाई प्रत्येक आकडा फळ्यावर जसाच्या तसा लिहीत राहिल्या.