माझ्याशिवाय झालेली सफाई

मित्रांनो, मी एक जुना फडा आहे. वय विचाराल तर साडेपाच महिने. हसू नका. झाडूचं म्हातारपण वर्षांनी मोजत नाहीत, उरलेल्या पात्यांनी मोजतात, आणि माझी पाती आता मुठीबाहेर चार बोटंही उरलेली नाहीत. असं का झालं हे मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. सांगतो, तुम्हीच बघा.

गोंदियाकडच्या चोरखमाऱ्याच्या तलावाखाली शिंदीची झाडं आहेत. फडे बांधून विकणाऱ्या सुमित्राबाईंनी तिथली पानं कापली, उन्हात वाळवली, विंचरली आणि मला करकचून बांधलं. दिवाळीच्या बाजारात लीलाबाईंनी मला तीनदा उलटंपालटं केलं, दोनदा नावं ठेवली आणि घरी आणलं. त्यांचं घर बौद्धांचं. शेजारच्या रामकलीबाईंकडे माझ्या भावंडाला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू लागलं, तसं माझ्या नशिबी नव्हतं. पण मला कुणी ओलांडलं की लीलाबाई घर डोक्यावर घ्यायच्या. पूजा नसली तरी मान होता.

घरात माणसं चार. लीलाबाई, त्यांचा मुलगा संघदीप, सून मोनाली आणि मोनालीची दीड वर्षांची लेक. संघदीप राईस मिलमध्ये कामाला जायचा. घरात फडा आणि अंगणात खराटा, असा आमचा नियम. खराटा अनुभवी आणि थोडा चोंबडा. पहिल्याच आठवड्यात तो मला म्हणाला, "लेक झाली तेव्हा या सुनेनं तीन महिने आपल्या झाडूजातीला हात लावला नव्हता बरं. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. लोक म्हणाले, बाहेरची बाधा आहे. शेवटी दवाखान्यात कळलं, बाळंतपणानंतर येणारा मनाचा आजार आहे. गोळ्या घेतल्या, सावकाश बरी झाली."

मी ते ऐकलं आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली. बाई झाडते म्हणजे बाई बरी. झाडत नाही म्हणजे आजारी. केवढी अक्कल आली, असं मला वाटलं.

मार्गशीर्षात मोनालीला पुन्हा दिवस गेले. चुलीपाशी तिने संघदीपला सांगितलं तेव्हा मी दाराआडच होतो.

"मले नोको आता. मी पुन्हा तशी भिंतीकडे तोंड करून नाई पडू शकत," ती म्हणाली.

संघदीपने चुलीत दोन काटक्या सारल्या. मग म्हणाला, "तू म्हणशील तसं."

दोघं सरकारी दवाखान्यात गेली. गर्भपातासाठी सही एकट्या तिचीच लागते. ती तिने केली. संध्याकाळी परत आल्यावर लीलाबाईंनी दारातच हळू आवाजात विचारलं, "झाली का सफाई?"

"झाली," संघदीप म्हणाला.

मित्रांनो, मी गोंधळलो. सफाई झाली? माझ्याशिवाय? मी तर सकाळपासून दाराआड उभा होतो! शिवाय जिची सफाई झाली ती बाई पांढरी पडून खाटेवर बसली होती. आमच्याकडे गर्भपाताला सफाई म्हणतात, हे मला खराट्याने सांगितलं. का म्हणतात, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. घाण तर काहीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रामकलीबाईंनी कुंपणावरून विचारलं, "सून दिसून नाई राहिली?" लीलाबाई म्हणाल्या, "बुखार हाय." त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. झालं ते झालं, साफ झालं, असंच सगळे वागू लागले.

आठवडाभरात मोनाली उठली आणि तिने मला हातात घेतलं. माझा आनंद काय सांगू! सकाळी झाडायची, लेक झोपली की पुन्हा, ऊन कललं की पुन्हा. खाटेखाली, कणगीमागे, जिथे कधी कुणी वाकून पाहिलं नव्हतं तिथेही. पुढे अंगणसुद्धा ती माझ्यानेच झाडू लागली. खराटा चिडून बोलेनासा झाला, तर मी मनात म्हटलं, जळतोय. रामकलीबाई म्हणायच्या, "सून पाहावं तं लीलाबाईची, अंगण कसं आरशावानी." लीलाबाई फुलायच्या आणि मी त्यांच्याहून जास्त. तिचे घास ताटातच उरायचे, गाल बसले होते, हे दिसत होतं. पण झाडत होती ना? मग बरीच असणार.

एकदा दिवेलागणीला ती झाडतच होती. संघदीप मिलमधून येऊन दारात थांबला.

"सारं तं साफ हाय. काऊन झाडून राहिली?"

"मले काही तरी राहिल्यावानी वाटते," मोनाली म्हणाली.

तो घाबरला. "कसं राहील? डॉक्टरनं सोनोग्राफी करून सांगितलं ना, काही नाई राहिलं म्हणून."

ती पुन्हा झाडायला वाकली. तो पोटाचं बोलत होता. ती कशाचं बोलत होती, ते मलाही कळलं नाही. तिच्या हातात मी होतो, तरी कळलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

फाल्गुनात एका दुपारी तांदूळ सांडले म्हणून लीलाबाईंनी मला उचललं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. मला उलटं केलं, सुलटं केलं, बाजारात केलं होतं तसं.

"मोनाली, हा दिवाळीचाच फडा ना वो? वर्षभर चालते फडा. हा कसा सरला?"

लीलाबाई मला मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसल्या.

"मागच्या येळी तू फडा उचलत नव्हती म्हणून मले समजलं. या येळी तू खाली ठेवून नाई राहिली, तं मी बुढी खुश होऊन राहिली," त्या म्हणाल्या आणि तशाच उठून गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा कार्यकर्तीला, ओमेश्वरीला, घेऊन आल्या.

ओमेश्वरीने वही उघडली. "पोट दुखते?" "नाई." "अंगावरून जाते?" "नाई." ती वही मिटणार इतक्यात लीलाबाई कडाडल्या, "पोटाचं झालं, बाई! हिले मनाचं इचार."

मग मोनाली बोलली. तीन महिन्यांचं एकदम बोलली.

"मलेच नोको होतं, ताई. सही मीच केली. पुन्हा तशीच येळ आली तं पुन्हा करीन. मंग रडू काऊन येते? चुकलं म्हणावं तं चुकलं नाई वाटत. बरं झालं म्हणावं तं बरं नाई वाटत. मी येडी होऊन राहिली का?"

ओमेश्वरीने वही बाजूला ठेवली. "काऊन येते ते मले नाई मालूम. पण तू येडी नाई, एवढं मालूम हाय. सोमवारी मनाच्या डॉक्टरीणबाई बसतात गोंदियाले. मी येईन संग."

"मी बी येतो," दारातून संघदीप म्हणाला. तो कधी आला होता कुणास ठाऊक. "राहिलं म्हणाली होतीस त्या दिवशी, मी भलतंच समजलो."

सोमवारी पहाटेच ती तिघं बसने गेली. अंगण तसंच राहिलं. मोहाच्या झाडाची पानं दारापर्यंत आली होती. नऊ वाजता रामकलीबाई कुंपणाशी आल्या.

"काऊन वो लीलाबाई, आज झाडलं नाई? सुनेले बुखार?"

लीलाबाईंच्या कडेवर नात होती. त्यांनी तिला सावरून घेतलं. मग चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बुखार नाई. मार्गशीर्षात तिनं पोट पाडलं होतं. आता मनाच्या डॉक्टरकडं गेली हाय. येईल बरी होऊन."

रामकलीबाईंनी कुंपणावरून दोन्ही हात पुढे केले. मग त्या एवढंच म्हणाल्या, "नातीले माह्याकडं दे. तू जेवून घे."

मित्रांनो, मोनाली बरी झाली का, असं विचाराल. तिचं औषध चालू आहे, दर पंधरवड्याला जाणं चालू आहे. कधी हसते, कधी रडते, आणि दोन्ही का, ते तिला अजून नीट सांगता येत नाही. मलाही येत नाही. मी आता कणगीमागे पडून असतो, नवा फडा आलाय. त्याला मी एकच गोष्ट शिकवली आहे आणि तुम्हालाही तीच सांगतो. घर लख्ख दिसलं की घराची वाहवा करून परतू नका. आत जा आणि जिने झाडलं तिला विचारा, "बाई, तू कशी आहेस?" आणि ती उत्तर देईपर्यंत उंबऱ्यावर बसा.

सोमवारी पडलेली ती पानं मंगळवारी संघदीपने झाडली. निम्मी तिथेच राहिली. मोनालीने पाहिली आणि तशीच राहू दिली.