मला जागेवर ठेवू नका

मी म्हणजे एक पुस्तक नाही. एका कपाटात मावतील तेवढी जुनी पुस्तकं मिळून मी एक झालोय, आणि आज सगळ्यांच्या वतीने मी बोलतोय. दिल्लीत, हिंदूराव हॉस्पिटलच्या पलीकडे रिज नावाच्या टेकडीच्या चढावर एक जुनी उपचार-संस्था आहे. तिच्या ग्रंथालयात, खिडकीकडच्या कोपऱ्यात माझा मुक्काम. कपाटावर पाटी आहे : 'फिजिओथेरपी, ऐतिहासिक संग्रह'. ऐतिहासिक म्हणजे ज्याला कुणी हात लावत नाही ते, असं इथल्या विद्यार्थ्यांना वाटतं. मला ते मुळीच मान्य नाही, पण मला विचारतो कोण?

माझ्यात औषधाचं नाव क्वचितच सापडेल. हातांनी, गरम पाण्याने, मेणाच्या शेकाने, विजेच्या हलक्या झटक्यांनी आणि मुख्य म्हणजे चिकाटीने माणूस पुन्हा उभा कसा करायचा, एवढंच मला ठाऊक.

मला जमवलं कुसुमावतीबाई राजाध्यक्ष यांनी. स्वातंत्र्यानंतरच्या त्या दिवसांत त्या विलायतेहून ही विद्या शिकून आल्या, येताना कपडे कमी आणि पुस्तकं जास्त घेऊन आल्या. दिल्लीत तेव्हा फिजिओथेरपी म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं. लोक त्यांना मालिशवाली बाई म्हणायचे. बाई हसायच्या आणि कामाला लागायच्या. कुणी इंग्रज मेट्रन मायदेशी निघाली की तिची पुस्तकं मागून आणायच्या, एखाद्या वकिलातीने नको असलेली पुस्तकं बाहेर काढली की तिथे हजर. असा मी वाढत गेलो.

पण मला शोभेला ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उपचाराच्या टेबलावर पेशंटच्या उशाशी मला उघडून ठेवायच्या आणि तेलाच्या हातानेच पान उलटायच्या. आजही माझी काही पानं तेलाने पारदर्शक झालेली आहेत, काहींवर मेणाचे थेंब आहेत. कोरी करकरीत पानं दिसली, तर ती कुणाच्या कामी आली नाहीत असं खुशाल समजा.

सगळ्यात जास्त तेल पोलिओच्या पानांवर आहे. त्या काळी संस्थेच्या व्हरांड्यात आया कडेवर पोरं घेऊन बसलेल्या असायच्या. कुणाचा पाय लोंबता, कुणाचा हात. बाई एकेक स्नायू बोटांनी चाचपून बघायच्या, कुठे जीव शिल्लक आहे ते शोधायच्या, मग चामड्याचे पट्टे आणि लोखंडी दांड्यांचा कॅलिपर मापाने करून घ्यायच्या. पोर पहिल्यांदा आपल्या पायावर उभं राहिलं की आई रडायची आणि बाई तिला दटावायच्या.

पुढे लशीचे थेंब आले. दोन थेंब प्रत्येक बाळाला, गल्लीगल्लीत, स्टेशनवर, बसस्टँडवर. व्हरांडा ओस पडत गेला आणि माझी ती पानं मिटली ती मिटलीच. मला वाईट वाटलं का? देवाशप्पथ नाही. आपली गरज संपावी यासारखं भाग्य पुस्तकाला लाभत नाही.

फक्त एक गोष्ट सगळेच विसरले. आजार गेला, पण ज्यांना तो होऊन गेला होता ती मुलं कुठे गेली होती? ती शिकली, नोकरीला लागली, लग्नं केली, रिटायर झाली. आणि म्हातारपणी त्यांचे ते जुने पाय पुन्हा कुरकुरू लागले. तोवर बाई गेल्या होत्या, आणि पोलिओचा पेशंट बघितलेला माणूस संस्थेत औषधालाही उरला नव्हता.

आता आमच्या ग्रंथालयाची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलं आहे. माझ्यासारखी जुनी पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून वाचायची. आणि वाचून झालं की परत कपाटात ठेवायची नाहीत, टेबलावरच सोडायची. संध्याकाळी ग्रंथपाल रावत मॅडम ती गोळा करतात, प्रत्येकाच्या पाठीवर यंत्राचा लाल उजेड धरतात, बीप असा आवाज येतो, आणि मगच ते पुस्तक आज वाचलं गेलं असं कम्प्युटरला कळतं. भिंतीवर तशी मोठी पाटीच आहे : 'किताबें पढकर टेबल पर ही छोडें'. नव्या पुस्तकांची बीप-बीप मी रोज ऐकायचो. माझ्या वाट्याला वर्षानुवर्षं एकही नाही.

आणि तरी गेल्या हिवाळ्यापासून मला रोज वाचत होती एक मुलगी. मैत्रेयी तिचं नाव. इथेच फिजिओथेरपीचं पुढचं शिक्षण घेते. राहते पहाडगंजात, आत्याकडे. आत्या म्हणजे अलकनंदाबाई, कृषी भवनात नोकरी करून रिटायर झालेल्या. लहानपणी नागपुरात पोलिओ झाला, उजवा पाय बारीक राहिला. लग्न केलं नाही. भाऊ-वहिनी बदल्यांच्या गावी फिरत राहिले, तेव्हा भाचीला त्यांनीच वाढवलं.

हे मला कसं कळलं? मैत्रेयी माझ्यासमोर बसून फोनवर आत्याशीच बोलायची. हळू आवाजात, पण मला काय, बाकी उद्योग नव्हता.

आत्याचा पाय वर्षभरात फार अशक्त झाला होता. मैत्रेयीने उत्साहाने घरीच व्यायाम सुरू केले. पायाला वजनं बांधली, रबरी पट्टे ओढायला लावले. आत्याला लहानपणापासून सवय होती, पाऊल टाकताना उजवा तळहात मांडीवर दाबायचा. भाचीला ती चुकीची वाटली. हात काढ, सरळ चाल, असं तिने बजावलं. आत्या शहाण्या विद्यार्थ्यासारख्या वागल्या. पाय आणखी थकत गेला, आणि एक दिवस जिन्यातच गुडघा दुमडला. हाड मोडलं नाही हे नशीब. पण त्या दिवसापासून आत्या दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या नाहीत. डॉक्टर व्हीलचेअर सुचवून मोकळे झाले. पहाडगंजातल्या त्या अरुंद जिन्यात व्हीलचेअर म्हणजे खोलीतच बसून राहणं, हे दोघींनाही कळत होतं.

मैत्रेयीने नवं सगळं वाचून काढलं. व्यायाम जपून द्या, असं तिथे होतं. जपून म्हणजे कसं, हे मात्र हाताला कळेल असं कुठे सापडेना. मग ती माझ्यापाशी आली. तेलकट पानं तिला आपोआप सापडली, कारण मी तिथेच उघडतो.

त्या पानांवर तिने वाचलं की असा स्नायू दमायच्या आधी थांबवायचा, दमल्यावर नव्हे. आणि मांडीवर हात दाबून चालणाऱ्याचा हात दुसरा आधार दिल्याशिवाय कधीही काढायचा नाही, कारण तो हातच त्याचा गुडघा असतो. ती ओळ तिने बोट ठेवून पुन्हा वाचली. मग फोन लावून म्हणाली, "आत्या, वजनं बंद. आजपासून बिल्कुल बंद. आणि हात ठेव मांडीवर. सॉरी." पलीकडून आत्या पोटरीबद्दल काहीतरी म्हणाल्या. मैत्रेयी डोळे पुसत म्हणाली, "पोटरी म्हणजे काफ ना? तिथे गोळा आला तरी सांग."

त्यानंतर ती रोज यायची. फोनने फोटो काढून पाहिले, पण माझी शिवण घट्ट, आतल्या बाजूच्या ओळी फोटोत येईनात. पान दाबलं असतं तर पाठ मोडली असती, म्हणून तिने हात आवरला. इतकी गुणी मुलगी. आणि तिच्या ह्याच गुणाने माझा घात चालवला होता.

कारण वाचून झालं की ती मला उचलायची, रुमालाने पुसायची आणि नेमकं माझ्या जागी परत ठेवायची. खुर्ची आत सरकवायची, टेबल रिकामं करायची. वस्तू घेतली तिथे ठेवायची, हे आत्याने तिच्या अंगात भिनवलं होतं. त्यांच्या घरी अंधारातही कात्री सापडते म्हणे. भिंतीवरची पाटी तिने पाहिली नव्हती असं नाही. पण पुस्तक टाकून उठायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. ती पाटी शिस्त नसलेल्यांसाठी असणार, अशी तिने समजूत करून घेतली होती.

पोरी, टाक मला. पसरून ठेव. एकदा तरी बेशिस्तीने वाग. मी रोज मनात ओरडायचो. संध्याकाळी रावत मॅडम यायच्या, रिकाम्या टेबलाकडे बघायच्या आणि पुढे जायच्या.

व्हायचं तेच झालं. कोपऱ्यात नवी कम्प्युटरची टेबलं बसवायचं ठरलं. जी पुस्तकं कित्येक वर्षांत कुणी वाचलेली नाहीत ती काढून टाका, असा निर्णय झाला. कम्प्युटरने माझं नाव सगळ्यात वर दाखवलं. रावत मॅडम वाईट नाहीत हो. मला सुतळीने बांधताना त्या एकदा थांबल्याही होत्या. पण यंत्र म्हणत होतं कुणी वाचत नाही, त्याला त्या काय करणार? विजेच्या उपचारांची पुस्तकं पहिल्या टेम्पोतून गेलीसुद्धा. माझा तो भाग आता नाही. त्याचं दुःख आहे आणि राहील.

उरलेला मी गठ्ठे होऊन दाराशी पडलो होतो. दुसरा टेम्पो दुपारी यायचा होता. त्याच सकाळी दार उघडलं आणि मैत्रेयीच्या खांद्याला धरून आत्या आत आल्या. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच जिना उतरल्या होत्या, पायरीपायरीवर बसत. नवा कॅलिपर करायचा होता. लहानपणीचा केव्हाच सुटला होता, आणि तेव्हा ज्या पट्ट्याने त्यांना मैलभर चालता यायचं तो नेमका कुठला, हे चित्र बघूनच सांगता आलं असतं. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

मैत्रेयी कोपऱ्यात गेली. कपाट रिकामं. ती धावत दाराशी आली आणि गठ्ठ्यांसमोर खाली बसली.

रावत मॅडम समजावत म्हणाल्या, "बेटा, इन्हें तो कोई पढता ही नहीं. टेबल पे कभी एक भी नहीं मिली."

"मॅम, मैं रोज पढती थी," मैत्रेयी गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाली. "पढके वापस रख देती थी."

रावत मॅडमनी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. मैत्रेयीनेही बघितलं. आत्यांनी चष्मा सारखा करून पाटी वाचली, मग रिकाम्या, लखलखीत टेबलाकडे पाहिलं आणि खुर्चीत बसत म्हणाल्या, "हे माझं काम. मीच शिकवलंय तिला."

मग त्यांनी रावत मॅडमना हिंदीत विनंती केली की टेम्पो यायचाच आहे तर तोवर एक गठ्ठा तरी सोडा, एक चित्र बघते आणि जाते. सुतळी सुटली. मैत्रेयीने तेलकट पान काढून समोर धरलं. त्यावर एक मुलगी आहे, फ्रॉक घातलेली, मांडीवर तळहात दाबून उभी. आत्या तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा स्वतःचा हातही तेव्हा मांडीवरच होता. "मला वाटायचं, असं मी एकटीच चालते," त्या म्हणाल्या.

रावत मॅडमनी ते चित्र पाहिलं, आत्यांचा हात पाहिला. मग त्या आत गेल्या, यंत्र घेऊन आल्या आणि टेबलावरच्या पुस्तकाच्या पाठीवर त्यांनी लाल उजेड धरला. बीप. इतक्या वर्षांनी. काय सांगू, मला शहारे आले. दुपारचा टेम्पो त्यांनी रिकामा परत पाठवला आणि वर कळवलं की अहवाल चुकला, मी नवा देते.

ही गोष्ट यंदाच्या उन्हाळ्यातली. आता मी माझ्या जागी आहे, नवी कम्प्युटरची टेबलं शेजारच्या खोलीत गेली. आत्यांचा कॅलिपर झाला, गुडघ्याच्या वर रुंद पट्टा असलेला, चित्रातला. जिना अजून सोपा नाही, पण उतरता येतो. दमायच्या आधी थांबायचं, हे त्या आता भाचीलाच बजावतात. जुन्या पोलिओची आणखी काही माणसं मैत्रेयीकडे येऊ लागली आहेत, आणि तिच्या वर्गातली मुलंही तिच्या मागोमाग माझ्यापाशी येतात. एकाने परवा तेलकट पानाला नाक मुरडलं. मैत्रेयीने त्याला असं झापलं की मला कुसुमावतीबाईंची आठवण झाली.

शुक्रवारी आत्याही येतात, चित्रातल्या मुलांना भेटायला. निघताना त्यांचा हात माझ्याकडे जातोच. पुस्तक मिटतात, पदराने पुसतात, कपाटाकडे वळायला लागतात. मग थांबतात. एवढ्या वर्षांची सवय, जीव कासावीस होतो त्यांचा. पण मला पुन्हा टेबलावर ठेवतात, पान उघडतात आणि मागे न बघता काठी उचलून चालू लागतात.

तुम्हीही कधी रिज चढून आलात, तर माझ्यासाठी एवढं करा. वाचा, आणि पसारा तसाच टाकून जा.