कोपऱ्यातला बाण

मी एक जुना शॉर्टकट आहे. हो मित्रांनो, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं ते चिमुकलं चित्र, कोपऱ्यात वाकडा बाण असलेलं. हसू नका, मलाही जन्मकथा आहे.

आमच्या काकू दृष्टिहीन मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. वाचनात पटाईत, पण रेकॉर्डिंगचा प्रोग्राम शोधताना त्यांच्या नाकी नऊ यायचे. "अहो, पुन्हा हरवला मेला!" अशी हाक आली की काका हातातलं काम टाकून धावायचे. शेवटी एका सकाळी त्यांनी प्रोग्रामवर माऊसचं उजवं बटण दाबलं, मला थेट डेस्कटॉपवर आणून बसवलं आणि खाली नाव लिहिलं, 'बोल गं'.

"आता इथे दोनदा टिचकी मार, की झालं."

"एवढं सोपं होतं, तर इतकी वर्षं मला का नाचवलंत?" काकू म्हणाल्या.

काय दिवस होते ते! रोज टिचकी पडायची आणि मी धावत जाऊन प्रोग्रामचं दार उघडायचो. वाचता वाचता काकू मध्येच ओरडायच्या, "अहो, तो खोकला आवरा! इथे राजकन्या मरतेय!" काका असली वाक्यं कापून मुलांना स्वच्छ प्रत पाठवायचे. मूळ रेकॉर्डिंग आमच्याच कॉम्प्युटरमध्ये, त्या प्रोग्रामच्या पोटात राहायचं.

अकरा वर्षांनी काकू गेल्या. काका लेकीकडे राहायला निघाले. जाताना त्यांनी पेन ड्राइव्हवर काय घेतलं? फक्त मला! फोनवर लेकीला म्हणाले, "तुझ्या आईला खिशात घातलंय बघ." अहो काका, मी नुसती वाट दाखवणारा, माझ्या पोटात काही नाही! पण माझं कोण ऐकणार? जुना कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला दिला गेला.

महिन्याभराने लेकीच्या घरी काकांनी टिचकी मारली. मी जीव खाऊन धावलो, तर दारच नव्हतं. लेकीने लगेच दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, तो मागच्याच आठवड्यात पुसून विकला हो."

"बाबा, मुलांकडे आईच्या प्रती आहेत ना," लेक समजूत घालू लागली.

"आहेत गं. पण त्यात ती मला ओरडत नाही."

मित्रांनो, म्हणून हात जोडून सांगतो, घर सोडताना माझ्या कोपऱ्यातला बाण नीट बघा. मी जिकडे बोट दाखवतो, ते आधी बरोबर घ्या. मला मागे ठेवलंत तरी चालेल.

काका अजूनही रोज सकाळी माझ्यावर टिचकी मारतात. मी धावत जातो आणि रिकाम्या हाताने परततो. मग पडद्यावर प्रश्न येतो, 'हा शॉर्टकट आता काही उघडत नाही. काढून टाकायचा का?'

काका चष्मा पुसतात आणि 'नाही' दाबतात.