दोराला आलेलं उत्तर

आमचे हे अठ्ठावन्नाव्या वर्षी समुद्राच्या तळाचा केर काढायला लागले. घरात कधी झाडू हातात धरला नाही, ती गोष्ट वेगळी. बंदराच्या तळाशी बुडालेल्या जुन्या जाळ्यांत मासे-खेकडे अडकून फुकट मरतात, म्हणून आमची दहा-बारा जणांची मंडळी दर रविवारी ती कापून वर काढते. हे आणि पोहायला शिकवणाऱ्या एक बाई खाली उतरतात, दातांचे डॉक्टर बोट सांभाळतात आणि ह्यांच्या कमरेचा दोर मी धरते. शिवणकामाने माझी बोटं तयार झालीत, असं डॉक्टर म्हणतात. खरं म्हणजे तो दोर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला माझं मन धजत नाही.

नियम साधा. दर मिनिटाला मी एक हिसका द्यायचा, खालून एक आला की सगळं ठीक. तीन आले की वर ओढायचं.

त्या रविवारी आमचा अबोला होता. सर्दी असताना खाली जाऊ नका म्हटलं, तर म्हणाले, "तू दोर धर, अक्कल शिकवू नकोस." मग मीही तोंडाला कुलूप लावलं.

पाऊण तासाने बाई जाळ्याचं गाठोडं घेऊन वर आल्या. एकट्याच.

"हे कुठे राहिले?"

"एक खेकडा सोडवतायत. दोन मिनिटांत येतो अशी खूण केली." बाईंचे ओठ निळे पडले होते.

दोनाची पाच मिनिटं झाली. वाऱ्याने पाणी इतकं खळबळलं होतं की बुडबुडे दिसेनात. मी हिसका दिला. लगेच एक आला.

"आहेत की ठीक," डॉक्टर म्हणाले. "अजून दहा मिनिटांची हवा आहे त्यांच्याकडे."

पुन्हा दिला. पुन्हा लगेच उत्तर. तिसऱ्यांदाही तसंच, तेव्हा मी डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टर, हे ते नाहीत."

"म्हणजे?"

"तीस वर्षांत ह्या माणसाने माझ्या पहिल्या हाकेला ओ दिलेली नाही. जेवायलासुद्धा तीनदा बोलवावं लागतं. दोराचंही तेच, दोन हिसके दिल्याशिवाय उत्तर येत नाही. आज लगेच कसं येतंय?"

"वहिनी, तुम्ही घाबरलात म्हणून तसं वाटतंय."

"मग ओढा वर!"

"अडकले असतील तर तोंडातली नळी निसटेल. आणि बाईंची हवाही संपत आलीय. उगाच पाठवलं आणि त्यांनाच काही झालं तर?"

त्यांचं बरोबर होतं. बाईंचं लेकरू दोन वर्षांचं आहे, त्याला मी स्वतः झबली शिवून दिलीत. तरी मी त्यांचे थंडगार हात धरले आणि म्हणाले, "बाई, जा. पाया पडते तुमच्या." दुसऱ्याच्या लेकीला मी जाणूनबुजून संकटात ढकलत होते, आणि त्या क्षणी मला त्याची लाजही वाटली नाही.

बाई पुन्हा उतरल्या. त्यांचा दोर डॉक्टरांनी धरला. मी माझ्या दोराला हात लावायलाही भीत होते.

सात मिनिटांनी बाईंच्या दोराला तीन हिसके आले. डॉक्टरांनी ओढायला सुरुवात केली. आधी बाईंचं डोकं दिसलं, मग ह्यांचं.

दोर मधेच एका ताणलेल्या जाळ्यात गुंतला होता. मी हिसका दिला की जाळंच मागे खेचून मला उत्तर देत होतं. हे त्याच्या पलीकडे, पाठीवरच्या टाकीसकट अडकलेले. सुरी हातातून निसटलेली. बिचारे तीन-तीन हिसके देत राहिले, पण माझ्यापर्यंत एकही पोचला नाही.

बोटीत आडवे पडून ते बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मी रडत होते आणि तोंडाने त्यांचा उद्धारही चालू होता. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तुला कळलं कसं गं?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते मिटलं.

"कळलं," मी म्हणाले.

सांगितलं असतं तर माणूस सुधारला असता. पुढच्या रविवारपासून पहिल्याच हिसक्याला उत्तर दिलं असतं. मग दोराच्या टोकाला हे आहेत की जाळं, ते मला कुठून कळणार?